मोहल्ला ९४.२ एफएम

सिंगापूरमध्ये मशिदी भरपूर, पण रस्त्यावर उभं राहून अजान ऐकू येत नाही. ती ऐकायची तर कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जावं लागतं. आणि तिथे रेडिओ चालू असावा लागतो.

शेजाऱ्याचा देव तुम्हाला किती डेसिबलने ऐकू येतो? मुंबई-पुण्यात राहत असाल तर उत्तराला वेळ लागणार नाही. काकड आरती, अजान, चर्चची घंटा, साईभंडाऱ्याचा डीजे, नवरात्रात नऊ रात्री गरबा... कुठला सण चालू आहे हे कळायला आपल्याला कॅलेंडर लागत नाही, कान पुरतात.

कंपनीने दोन वर्षांसाठी सिंगापूरला पाठवलं तेव्हा पहिला शॉक बसला तो याच बाबतीत. तांपिनिस नावाच्या उपनगरात खोली मिळाली होती. दहाव्या मजल्यावरच्या खिडकीतून मशिदीचा घुमट दिसायचा, थोडं पलीकडे चिनी देऊळ. आवाज कशाचाच नाही. संध्याकाळी सातच्या सुमारास मशिदीत दिवे लागायचे, माणसं चपला काढून आत जाताना दिसायची, आणि टीव्ही म्यूट करून बघावा तसं ते सगळं चालायचं.

आवाज होता. तो माझ्या पाठीमागे होता, फ्रिजच्या डोक्यावर.

डायल हलवायचा नाही

घर एका मलय जोडप्याचं, एचडीबीचा फ्लॅट. एचडीबी म्हणजे तिथलं म्हाडा समजा, फक्त देशातले जवळपास ८० टक्के रहिवासी त्यांच्याच घरांत राहतात. एजण्टने दोन अटी सांगितल्या होत्या : घरात पोर्क नको, दारू नको. आणि मासे? मासे हवेतच! मी मूळची मालवणची. बलाचान, म्हणजे जवळ्यासारखी बारीक कोळंबी आंबवून केलेला गोळा, तव्यावर भाजायला घेतला की थेट आमच्या आजीच्या सुकटीचा वास. मी खोली पसंत केली ती त्या वासावर, असं म्हटलं तरी चालेल.

घरमालकीण साठी ओलांडलेली. तिला सगळे 'मकचिक' म्हणायचे, म्हणजे मावशी. नवरा 'पकचिक', टॅक्सी चालवणारा. मला ती 'नक' अशी हाक मारायची. त्याचा अर्थ बाळ, पोरी. मला मात्र सुरुवातीला दर हाकेला नाकाला हात लावावासा वाटायचा.

फ्रिजवर एक जुना रेडिओ. तेलकट झालेला, अँटेनाला ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळलेला. आकडे केव्हाच पुसले गेलेले, पण त्याचं काही अडत नव्हतं, कारण डायल हलवायचा नाही हा घराचा कायदाच होता. सकाळी मकचिक उठायच्या आधी रेडिओ उठायचा, रात्री तिच्यानंतर झोपायचा. स्टेशन एकच, 'वर्ना', ९४.२ एफएम.

वर्ना हे सिंगापूरच्या मीडियाकॉर्प या सरकारी मालकीच्या कंपनीचं मलय स्टेशन. याच कंपनीचं 'रिया' नावाचं दुसरं मलय स्टेशनही आहे, पण ते पोरासोरांचं, पॉपवालं. (तमिळ मंडळींसाठी 'ओली' आहे. मराठीसाठी काही नाही, आपण मंडळाच्या गणपतीवर भागवून घेतो.) वर्नावर बातम्या, गप्पा, फोन-इन, जुनी गाणी असं सगळं चालतं. धार्मिक स्टेशन म्हणावं असं ते नाहीच. पण दिवसातून पाच वेळा सगळी बडबड थांबते आणि अजान लागते. पहाटे सुबुह, दुपारी झोहोर, मग असार, सूर्यास्ताला मघरिब, रात्री इशाक. ती संपली की पुन्हा गाणी, पुन्हा ट्रॅफिकच्या बातम्या.

गंमत बघा, शेजारच्या मलेशियात मुस्लिम बहुसंख्य आहेत, तिथे मशिदींना बाहेर आवाज काढायची मुभाही आहे. तरी तिथे 'इकिम एफएम' नावाचं आख्खं इस्लामी स्टेशन २००१ पासून चालू आहे. सिंगापुरात मलय माणसं सुमारे साडेतेरा टक्के. त्यांना सगळं एकाच पेटीत मिळतं, हिट गाणं, स्वयंपाकाची टीप आणि नमाजाची वेळ.

मलय की मराठी?

भाषा येत नसताना परक्या स्टेशनवर काय ऐकायचं, असं कुणी विचारलं तर मी सांगेन, शब्द ऐका. मला तर तो टाइमपासच लागला होता.

'वर्ना' म्हणजे रंग. आपला 'वर्ण'! बातम्यांना म्हणतात 'बरिता', म्हणजे वृत्त. आवाजाला 'सुआरा', स्वर. भाषेला 'बहासा'. कारण सांगायचं तर 'करना'. नवरा 'सुआमी', बायको 'इस्तरी'. चेहरा 'मुका', म्हणजे मुख. प्रेमाला 'चिंता' म्हणतात, यावर ऑफिसमधल्या आमच्या मराठी ग्रुपचं एकमत झालं की हे भाषांतर अचूक आहे. पण बेस्ट शब्द 'सेंगसारा'. संस्कृतातल्या 'संसारा'पासून आलेला, आणि मलयमध्ये त्याचा अर्थ हालअपेष्टा. मकचिकला मी मराठीतला अर्थ सांगितला तेव्हा ती पकचिककडे बघून इतकी हसली की गॅसवरचं दूध उतू गेलं.

मग हळूहळू लक्षात आलं की धर्माचे शब्दही असेच आहेत. रेडिओवर कुणी उस्ताद, म्हणजे धर्मशिक्षक, बोलायला बसला की कानावर पडायचं 'दोसा' आणि 'पहाला'. दोसा म्हणजे दोष, पाप. पहाला म्हणजे फळ, पुण्य. स्वर्ग 'शुर्गा', नरक 'नराका'. धर्मालाच म्हणतात 'अगामा', आगम. आणि रमजानच्या उपासाला 'पुआसा'. उपवास! मलय जगात इस्लाम पोचायच्या आधी तिथे शतकानुशतकं संस्कृतची ये-जा होती. नवा धर्म आला, देव बदलला, पण रोजच्या तोंडातले शब्द कुणी बदलायला गेलं नाही. कुराणाची अरबी वाक्यं आणि तिच्या दोन बाजूंना आपले शाळेतले तत्सम शब्द, असं ते प्रवचन चालायचं. मी कांदा चिरता चिरता अर्धं समजून घ्यायचे.

गाण्यांचीही तीच कथा. जुन्या मलय गाण्यांचा बादशहा पी. रामली. त्याचं ऑर्केस्ट्रेशन ऐकून मला पन्नाशीतल्या हिंदी सिनेमाची आठवण यायची, आणि ते उगीच नव्हतं. सिंगापुरात जालान आम्पास इथे शॉ बंधूंचा स्टुडिओ होता, तिथे मलय सिनेमे बनायचे आणि डायरेक्टर आणायचे भारतातून. रामलीचा 'हांग तुआ' १९५६ सालचा, दिग्दर्शक फणी मजुमदार. तेच आपले 'स्ट्रीट सिंगर'वाले, मुंबईत कितीतरी सिनेमे केलेले.

भोंगे आत वळले

आता मुद्द्याची गोष्ट. अजान रेडिओवर गेली कशी?

मकचिकचं बालपण जालान युनोसच्या कांपोंग मलायूतलं. कांपोंग म्हणजे खेडं, वाडी. १९२०च्या दशकाच्या अखेरीस खास मलय लोकांसाठी वसवलेली ही वस्ती. लाकडी खांबांवरची घरं, नारळ, कोंबड्या. संध्याकाळी आधी 'बदुक' वाजायचा. हा मोठा आडवा ढोल, आपल्या देवळातल्या नगाऱ्याचा चुलतभाऊ. मग बिलाल बांग द्यायचा. मुअज्जिनला मलयमध्ये सरळ बिलालच म्हणतात, पैगंबरांच्या पहिल्या मुअज्जिनच्या नावावरून.

"बिलालला सर्दी झाली की आख्ख्या कांपोंगला कळायचं," मकचिक सांगायची. "मग कुणीतरी आलं पाठवायचं, कुणी मध. रेडिओच्या बिलालला कधी सर्दी होत नाही."

१९७४ साली सिंगापूर सरकारने आवाजाविरुद्ध मोहीम उघडली. ती फक्त मशिदींसाठी नव्हती. चिनी ऑपेरा, अंत्ययात्रांचे बॅण्ड, चर्चच्या घंटा, लग्नाच्या वराती, सगळ्यांनाच नियम लागले. शहर उभं वाढत होतं. पूर्वी एका वाडीत एकाच धर्माची माणसं, आता एका जिन्यावर चार धर्म. मशिदींचे भोंगे बाहेरच्या दिशेने होते, ते आत वळवायचं ठरलं. आणि चर्चेतून पर्याय पुढे आला की पाच वेळची अजान मलय रेडिओवरून द्यावी.

बाहेरून बघणाऱ्याला हे एकदम 'सिंगापूर स्टाइल' वाटतं. प्रॉब्लेम, मीटिंग, सोल्युशन, नेक्स्ट! आपले ऑफिसातले प्रोजेक्ट मॅनेजर लोक तर या केस स्टडीवर फिदा होतील. मकचिकला मात्र तारीख-साल काही आठवत नाही. तिला आठवतं ते इतकंच की एक दिवस तिच्या आईने बाजारातून रेडिओला नवे सेल आणले आणि सगळ्या पोरांना बजावलं, गाणी ऐकून सेल संपवायचे नाहीत.

पण भोंगा हा गोष्टीचा अर्धाच भाग आहे. उरलेला अर्धा घरांचा. सत्तर-ऐंशीच्या दशकांत कांपोंग एकामागून एक उठले. कांपोंग मलायूही गेला, तिथे एक्स्प्रेसवे आणि टॉवर आले. माणसांना पक्की घरं मिळाली, नळाला पाणी, संडासाला फ्लश. मकचिक याबद्दल जराही नॉस्टॅल्जिक नाही. "पावसाळ्यात गुडघाभर चिखलातून विहिरीवर तू जाणारेस का, नक?" असं ती मलाच ऐकवायची.

फक्त ज्यांच्याबरोबर चिखल तुडवला ती माणसं एका ठिकाणी राहिली नाहीत. कुणाला बेडोकमध्ये घर मिळालं, कुणाला वुडलँड्सला, कुणाला पार जुरोंगला. पुढे १९८९ साली सरकारने कोटाच ठरवला. प्रत्येक ब्लॉकमध्ये चिनी, मलय, भारतीय यांची कमाल मर्यादा. मलयांसाठी ती ब्लॉकमध्ये २५ टक्के आणि आसपासच्या वस्तीत २२ टक्के. कुणाची एकगठ्ठा वस्ती होऊ नये, घेट्टो बनू नयेत म्हणून. हेतू चांगला आणि परिणामही बऱ्यापैकी चांगला, असं माझं मत. ज्या शहरात धर्म आणि आडनाव बघून फ्लॅट नाकारतात त्या शहरातून मी आले होते, तेव्हा मला हा नियम जाम आवडला. पण त्याचं गणित मांडून बघा. प्रत्येक जिन्यावर चार-दोन मलय घरं, म्हणजे मोहल्ला असा कुठेच नाही. आहे तो सगळ्या बेटावर थोडा थोडा शिंपडलेला.

आणि संध्याकाळी सातला तो सगळा शिंपडलेला मोहल्ला एकच आवाज ऐकतो. वुडलँड्सची बहीण, जुरोंगची मैत्रीण, टॅक्सीत अडकलेला पकचिक, एकाच सेकंदाला. कांपोंगात अजान जेमतेम एका वाडीपुरती होती, शेजारच्या वाडीची वेगळी, थोडी मागेपुढे. आख्ख्या देशाची मिळून एकच अजान ही रेडिओने केलेली करामत.

मशिदी थांबल्या नाहीत हेही सांगायला हवं. १९७५ पासून मुस्लिम नोकरदारांच्या पगारातून मशीद बांधण्यासाठी महिन्याला ५० सेंट कापून घेण्याची योजना सुरू झाली, आपला पीएफ कापतात तसे, तिथल्या पीएफच्याच खात्यामार्फत. त्या पैशातली पहिली मशीद १९७७ साली तोआ पायोह या नव्या टाउनशिपमध्ये उघडली. नाव 'मुहाजिरीन', म्हणजे स्थलांतरित. आज सिंगापुरात सुमारे ७० मशिदी आहेत.

त्यातली माझी फेवरिट सांगते, कारण ती तुमच्या-माझ्यासारख्या ऑफिसवाल्यांची आहे. रॅफल्स प्लेसला, म्हणजे तिथल्या नरिमन पॉइंटला, यूओबी प्लाझा नावाचा २८० मीटर उंच टॉवर उभा आहे. त्याच्या पायथ्याशी, जमिनीखाली, मौलाना मोहम्मद अली मशीद. घुमट नाही, मिनार नाही. शुक्रवारी दुपारी एकच्या सुमारास टाय लावलेले बँकर, कुरियरवाले, बांधकामावरचे बांगलादेशी कामगार असे सगळे जिन्याने खाली उतरतात आणि अर्ध्या-पाऊण तासाने लंचबॉक्सकडे परत जातात. माझ्या टीममधला एक मलय मुलगा दर शुक्रवारी तिथे जायचा. अजान त्याला ऐकू यायची का? तो हसला. "आउटलुकमध्ये रिमाइंडर लावलाय."

किचनमधली बाई

एक गोष्ट माझ्या लक्षात यायला वेळ लागला नाही, कारण मी स्वतः बाई आहे आणि संध्याकाळी किचनमध्ये होते. पुरुष मशिदीत जायचे. पकचिक टॅक्सी लावून तिथेच नमाज पढून यायचा. भोंगा आत वळला तरी आत जाणाऱ्याला तो ऐकू येतोच. ज्यांचा वेळ घरात जात होता त्यांच्या कानापर्यंत येणारा आवाज बंद झाला होता, आणि तो रेडिओने परत आणून दिला. थेट गॅसच्या ओट्यावर. वर्नाची अजान माझ्यासाठी म्हणूनच बाईमाणसाची अजान आहे. हात पिठाचे असताना ऐकलेली, एका हाताने गॅस बारीक करत.

रमजानमध्ये तर रेडिओच घरचा यजमान. सहा वाजल्यापासून टेबल मांडायचं काम. खजूर, सरबत, आणि मशिदीतून वाटलेली 'बुबुर', मसाल्याची दाट पेज. पावणेसातनंतर घरात कुणी फार बोलायचं नाही. एरवी मधे मधे रेडिओवर तोंड घालणारी मकचिकसुद्धा गप्प. अजानचा पहिला स्वर आला की खजूर तोंडात. मलाही एक हातावर ठेवलेला असायचा, माझा उपास नसला तरी.

वेळेचं म्हणाल तर तिथे मिनिट म्हणजे मिनिट. सिंगापूर आणि क्वालालंपूर यांचं घड्याळ एकच, पण क्वालालंपूर पश्चिमेला, त्यामुळे तिथला सूर्य काही मिनिटं उशिरा मावळतो. समुद्राच्या चिंचोळ्या पट्ट्यापलीकडे मलेशियाचं जोहोर, तिथली स्टेशनं सिंगापूरच्या रेडिओवर सहज लागतात. डायल हलवायचा नाही या कायद्यामागचं खरं कारण मला रमजानमध्ये कळलं. दुसऱ्या गावच्या अजानवर आपला उपास सोडायचा नसतो! कालनिर्णय उलटं करून मुंबईचा आणि नागपूरचा चंद्रोदय वेगवेगळा बघणाऱ्या घरातली मी, संकष्टीला माझ्या आईचं वेगळं काय असतं?

जाता जाता, विषुववृत्ताजवळ असूनही सिंगापुरात सूर्य सातला का मावळतो? तर १९८२च्या पहिल्या दिवशी त्यांनी मलेशियाबरोबर घड्याळ अर्धा तास पुढे नेऊन ठेवलं, म्हणून. ऑफिस सुटून घरी पोचेपर्यंत उजेड असतो, ही त्याची कृपा.

२०२०च्या मार्चमध्ये कोरोनामुळे सिंगापूरच्या सगळ्या मशिदी बंद झाल्या. १३ मार्चला शुक्रवारची नमाजही झाली नाही. त्या वर्षीचा आख्खा रमजान आणि मे महिन्यातली ईद, तिला ते 'हारी राया' म्हणतात, माणसांनी घरात बसून काढली. मी तेव्हा तिथे नव्हते, हे मकचिककडून ऐकलेलं. मशिदीत जाणारा पकचिक पहिल्यांदाच पाचही वेळा किचनमध्ये होता. रेडिओजवळ त्याला उभं राहायला जागा नव्हती. ती म्हणाली, "मी त्याला सांगितलं, ही माझी मशीद आहे, तू पाहुणा. चपला बाहेर काढ."

दोन बिलाल

आता कथेत नवी एण्ट्री. मकचिकचा नातू, पॉलिटेक्निकला जाणारा. त्याच्या मोबाइलमध्ये 'मुस्लिम एसजी' हे ॲप. नमाजाच्या वेळा, कुठली मशीद जवळ आहे, सगळं त्यात. वीकएण्डला तो आजीकडे यायचा तेव्हा घरात दोन अजान लागायच्या. एक फ्रिजवर, एक त्याच्या खिशात. दोन्हींमध्ये काही सेकंदांचा फरक. एक बिलाल पुढे, दुसरा त्याच्या शेपटाला धरून मागे. मला ते दोन प्लॅटफॉर्मवर एकदम होणाऱ्या लोकलच्या अनाउन्समेण्टसारखं वाटायचं.

आजी म्हणायची, बंद कर ते. नातू म्हणायचा, सेम तर आहे. आजीचं म्हणणं सेम नाही. एकदा त्यांचं चांगलंच वाजलं. नातवाचा मुद्दा असा की ॲप जास्त अचूक, जगात कुठेही गेलं तरी चालतं, उद्या मी मेलबर्नला शिकायला गेलो तर तुझं वर्ना काय कामाचं? आजीचा मुद्दा तिला नीट मांडता येईना. शेवटी ती म्हणाली, "रेडिओवर लागते तेव्हा मला माहीत असतं की जुरोंगला माझी बहीण पण गॅस बारीक करतेय. तुझा फोन वाजला की फक्त तुझा फोन वाजतो."

नातू गप्प बसला, पण ॲप काढून टाकलं नाही. मी दोघांच्या मधे पडले नाही. माझ्या मोबाइलमध्ये गाण्यांची अशी प्लेलिस्ट आहे की जी जगात दुसरं कुणी त्या क्षणी ऐकत नसतं, आणि मला त्याचं काही वाटत नाही. पण आजोळी सकाळी सातच्या बातम्यांची धून लागली की वाडीतल्या पाच घरांतून ती एकदम यायची आणि आजोबा घड्याळ लावायचे, हेही मला माहीत आहे. मकचिक म्हणत होती ते मला कळलं. नातवालाही कळलं असावं, कारण नंतर जेवताना तो तिच्या बहिणीची चौकशी करत होता.

भारतात परतल्यावर हा विषय माझ्यामागे आलाच. भोंग्यांवरून आपल्याकडे किती वर्षं काय काय चालू आहे ते मी सांगायला नको. जानेवारी २०२५मध्ये मुंबई हायकोर्टाने म्हटलं की लाउडस्पीकर हा कुठल्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही. त्याच वर्षी मुंबईतल्या काही मशिदींनी वेगळी वाट धरली. तमिळनाडूतल्या एका कंपनीचं ॲप, त्यावर आपल्या मशिदीचं नाव नोंदवायचं, की तिथली अजान थेट मोबाइलवर ऐकू येते. बातमी वाचून मला आधी मकचिकचा नातू आठवला. त्याला आवडलं असतं. आणि यात एक गोष्ट तर सिंगापूरच्या रेडिओपेक्षाही कांपोंगच्या जवळची आहे. आवाज तुमच्याच गल्लीतल्या मशिदीचा, तुमच्याच ओळखीच्या माणसाचा. त्याला सर्दी झाली तर कळेल.

पण ज्यांच्याकडे ॲप नाही त्यांचं काय? म्हणजे माझं? तांपिनिसच्या त्या दहाव्या मजल्यावर आमच्या शेजारी एक चिनी कुटुंब राहायचं, वीस वर्षांचा शेजार. नव्या वर्षाला संत्री द्यायचे, ईदला कुकीज घ्यायचे, एकदम मस्त संबंध. मी एकदा त्यांच्या मुलीला विचारलं, मकचिककडे संध्याकाळची अजान किती वाजता असते? तिला सांगता येईना. तिने ती कधी ऐकलीच नव्हती. दोन घरांच्या मधे सहा इंचांची भिंत होती आणि ती आवाजाच्या बाबतीत उत्तम बांधलेली होती. मी जर त्या घरात भाडेकरू नसते तर मलाही अजान ऐकू आली नसती, आणि शर्गा-नराका तर नाहीच नाही. सिंगापूरने शांतता कमावली हे खरंच, पहाटे पाचला झोपमोड झालेल्या माणसाला विचारा तिची किंमत. शेजारच्या घरात आत्ता संध्याकाळ झाली, ही बातमी मात्र त्या शांततेत कुठेतरी गळली. मकचिकला मी हे म्हटलं तर तिने खांदे उडवले. ती म्हणाली, त्यांना ऐकायचं असेल तर दार ठोठावतील, मी चहा टाकीन.

तुम्ही सिंगापूरला जाल तेव्हा मरीना बे, युनिव्हर्सल, मुस्तफा सेण्टर हे सगळं करालच. एक संध्याकाळ कांपोंग ग्लामसाठी ठेवा. तिथल्या सुलतान मशिदीची सध्याची इमारत १९३२ साली पुरी झाली. सोनेरी घुमटाच्या बुडाशी एक काळा पट्टा दिसतो, तो नीट बघा. काचेच्या बाटल्यांची बुडं आहेत ती. श्रीमंतांनी देणग्या दिल्या, गरिबांनी बाटल्या गोळा करून दिल्या. रमजान असेल तर गेलांग सराईचा बाजार चुकवू नका, पण पोट रिकामं ठेवून जा आणि गर्दीची तयारी ठेवा.

आणि टॅक्सी करा. ड्रायव्हर मलय काका असेल तर त्याला 'पकचिक' म्हणा आणि सांगा, वर्ना लावा. सातच्या आत बसलात तर उत्तम. अजान लागली की तो आवाज थोडा वाढवेल. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला तर घेऊ नका, दोन-तीन मिनिटांचाच प्रश्न असतो. नंतर ट्रॅफिकच्या बातम्या लागतात, त्या मात्र नीट ऐका. पीआयईवर जाम असेल तर पकचिक तुम्हाला विचारेल कुठून जायचं ते.